ठकूआई आणि नखातली लाली

ऐकायचं असेल तर नीट बसा. मध्येच कुणी उठायचं नाही.

फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. किती वर्षांपूर्वीची ते विचारू नका, कुणालाच माहीत नाही. बिरोबाच्या डोंगरावर तेव्हा दीपमाळ नव्हती, एवढं मात्र पक्कं. ती उभी करताना जे झालं त्याचीच ही गोष्ट.

आमचं पांढरमाळ तेव्हा तीस-चाळीस झोपड्यांचं होतं. माणसं धनगर. दारात मेंढरं, खांद्यावर घोंगडं, कपाळाला भंडारा. भंडारा म्हणजे देवापुढची हळद. आमच्याकडे ती जत्रेत उधळतात, लेकराच्या कपाळाला लावतात, आजारी मेंढराच्या पाठीवर टाकतात. त्या काळी ती जखमेतही भरत. बोट कापलं, भर भंडारा. गुडघा फुटला, भर भंडारा. देवाची वस्तू आहे, तिनं वाईट कसं होईल, असं सगळ्यांना वाटे. वाटणारच. आपणही तेव्हा असतो तर आपल्यालाही तसंच वाटलं असतं.

या गावात ठकू नावाची बाई होती. उंच, हाडापेरानं थोराड, बोलायला कमी. नवरा लवकर गेला होता. मूल नव्हतं. पाठचा एक भाऊ होता, बिरा. तो एकदा चुकलेलं कोकरू आणायला कड्यावर चढला आणि खाली आला. नडगीचं हाड मोडून कातड्याबाहेर निघालं होतं. रीतीप्रमाणे जखमेत भंडारा भरला गेला आणि वरून चिंधी करकचून आवळली गेली. चौथ्या दिवशी पाय फुगला. सहाव्या दिवशी बोटं काळी पडली. नवव्या दिवशी बिरा गेला.

गाव म्हणालं, देवाची मर्जी.  ठकू रडली नाही, असं म्हणतात. ती उठली आणि मेंढरांमध्ये जाऊन बसली.

आता मेंढरांचं सांगतो. मेंढराचा पाय मोडला आणि कातडं शाबूत असलं, तर कुठलाही धनगर बांबूच्या कामट्या बांधून तो बरा करतो. त्यात मोठं काही नाही. पण हाड बाहेर आलं की मेंढरू कापायचं, ही रीत. ठकू त्या रीतीच्या आड आली. असं मेंढरू कुणाचं असलं की ती जाऊन उभी राही. म्हणे, "कापू नगस. मला दे."

लोक हसत. "ठके, तीन पायांचा कळप करतीस का काय?"

"चार पायांचा करते. बघ तू."

पहिली कितीतरी मेली. ती कशानं मेली ते तिनं बघून ठेवलं. जी जगली ती कशानं जगली तेही बघितलं. एक मेंढी पाय मोडून ओढ्यात पडली होती आणि दिवसभर धारेत पडून होती. ती जगली. दुसरी शेणामातीत पडली होती. तिला लगेच उचलून छान बांधलं, तरी ती सडली. ठकूच्या ध्यानात आलं, की हाड मोडल्यानं जनावर मरत नाही. आत जी घाण राहते तिनं मरतं. मग तिनं पाणी उकळून, निववून, त्यात चिमूटभर मीठ टाकून धुवायला सुरुवात केली. धू धू धुवायची. बघणारा कंटाळून निघून जाई, ही धूतच असे.

आवळून बांधलं की खूर गार पडतो, हेही तिनं बघितलं. माणसाला खूर नाही, नख आहे. तिनं स्वतःच्या अंगठ्याचं नख दाबलं. पांढरं झालं. सोडलं, लाल झालं. बोटाला दोरा आवळला आणि पुन्हा दाबलं. पांढरं झालं ते पांढरंच राहिलं. त्या दिवशी तिला कळलं, की पायात जीव आहे का नाही हे पायालाच विचारता येतं.

सात वर्षं तिनं मेंढरांचे पाय बघितले. मग माणसं तिच्याकडे यायला लागली आणि ठकूची ठकूआई झाली.

तिची कीर्ती पार नदीपलीकडे गेली. डोळे मिटून नुसता तळवा ठेवला तरी आत हाडाचे किती तुकडे आहेत ते ती सांगे, असं म्हणतात. एकदा एक लांडगा पुढचा पाय लोंबता ठेवून तिच्या दारात येऊन बसला. तिनं त्याचाही पाय धुतला, कामट्या बांधल्या आणि म्हणाली, "आमच्या मेंढराला तोंड लावलंस तर दुसरा मीच मोडीन." तेव्हापासून पांढरमाळच्या मेंढराला लांडगा शिवत नाही, असं म्हणतात. लांडग्याला कुणी विचारायला गेलेलं नाही. पण मेंढरं जात नाहीत, हे खरं आहे.

आता दीपमाळेकडे येतो.

त्या वर्षी दसऱ्यानंतरच्या जत्रेला गावानं ठरवलं, की बिरोबापुढे दीपमाळ उभी करायची. खालच्या खाणीत दगड घडवून ठेवले होते. जत्रेच्या दिवशी ढोलांच्या तालावर ते ओढत डोंगरावर न्यायचे, असा बेत होता. देवाचा पुजारी होता सिदाप्पा. आवाज मोठा, छाती मोठी, आणि देवाचं सगळं आपल्यालाच कळतं असा चेहरा. त्याला एकच मुलगा, धुळा. बावीस-तेवीस वर्षांचा गडी. त्याच्यासारखा ढोल वाजवणारा पंचक्रोशीत नव्हता. ढोल पोटाला बांधून नाचायचा तेव्हा म्हातारी माणसंसुद्धा काठ्या टाकून उठत.

ठकूआई दर जत्रेला उकळून निववलेल्या पाण्याचा तांब्याचा हंडा डोक्यावर घेऊन वर चढे. शंभर-दोनशे माणसं नाचणार, उड्या मारणार, कुणाचं ना कुणाचं काहीतरी मोडणारच, असा तिचा हिशेब. लोक चेष्टा करत.

"आक्का, कुणाला न्हाऊ घालायला निघालीस?"

"तुला. पडलास की घालते."

त्या दिवशी सगळ्यात मोठी शिळा शेवटच्या चढावर होती. खाली गोल ओंडके, पुढून दोर, वीस माणसं ओढत होती. धुळा शिळेच्या बाजूनं ढोल वाजवत चढत होता. दोर तुटला. माणसं तोंडावर पडली. शिळा मागे घसरायच्या आधी बाजूला कलली आणि तिच्याखालचा ओंडका उडाला. तो धुळाच्या डाव्या नडगीवर बसला.

ढोल थांबला.

धुळा खाली पडला होता. पाय गुडघ्याखाली भलतीकडेच वळला होता आणि पांढरं हाड कातडं फाडून बाहेर आलं होतं. त्याला माती आणि लाकडाच्या ढलप्या लागल्या होत्या. धुळाची आई गौराबाई छाती पिटायला लागली. सिदाप्पा ओरडला, "भंडारा! भंडारा आणा!" परात पुढे आली. त्यानं मूठ भरली आणि तो पोराच्या पायाशी वाकला.

तेवढ्यात ठकूआईनं त्याचं मनगट धरलं. ती पळत आली नव्हती. ती कधीच पळत नसे. पळून आलेल्याचा हात थरथरतो, असं ती म्हणे.

"हात काढ, सिदाप्पा."

"ठके, द्येवाचा भंडारा हाय ह्यो!"

"म्हणूनच सांगते. कपाळाला लाव. जखमंत नगं."

"तू द्येवापरास शाणी झालीस?"

"न्हाय. पर असले पाय म्या लई बघितल्यात. तू किती बघितल्यास?"

मागे कुणीतरी हसलं. गौराबाईनं रडता रडता वळून बघितलं, तसं ते हसू विझलं. सगळी जत्रा बघत होती. देवाच्या दारात देवाचा भंडारा एका बाईनं अडवला, असं त्या डोंगरावर आधी कधी झालं नव्हतं.

मग गौराबाईच बोलली. नवऱ्याला म्हणाली, "सरा मागं. तिला बघू द्या."

सिदाप्पा मागे सरला. मूठ मात्र त्यानं उघडली नाही.

ठकूआईनं आधी पाय बघितलाच नाही. ती धुळाच्या डोक्याशी बसली. श्वास बघितला. मानेवरून हात फिरवला, बरगड्या चाचपल्या, पोट दाबलं. आधी माणूस बघायचा, मग पाय, ही तिची शिस्त होती.

"आक्का, पाय ऱ्हाईल का गं?" धुळा म्हणाला.

"पायाचं मागनं. आधी तू ऱ्हा."

रक्त वाहत होतं तिथं तिनं धुतलेल्या फडक्याची घडी दाबून धरायला गौराबाईला बसवलं. मग म्हणाली, "बोटं हलव." बोटं हलली, पण कशीबशी. तिनं पायाच्या अंगठ्याचं नख दाबलं आणि सोडलं.

नख पांढरं झालं. पांढरंच राहिलं.

 "हंडा आणा," ती म्हणाली. हात कोपरापर्यंत धुतले. मग त्या उघड्या हाडावर आणि जखमेत पाणी ओतायला सुरुवात केली. मातीचा कण निघाला, ढलपी निघाली, घोंगड्याचा केस निघाला. ती ओतत राहिली. त्या एका हंड्यातून सात घागरी पाणी ओतलं तरी तो रिकामा झाला नाही, असं म्हणतात.

पाणी स्वच्छ निघायला लागलं, तेव्हा तिनं चार गडी बोलावले. दोघांनी मांडी धरली, दोघांनी खांदे. धुळाच्या तोंडात घोंगड्याचा पदर दिला. तिनं टाच आणि पाऊल धरलं आणि ओढलं. हिसका दिला नाही. विहिरीतून भरलेली घागर वर घ्यावी तसं, सावकाश, न थांबता. पाय सरळ झाला. हाड आत गेलं. धुळाच्या आवाजानं देवळावरची पाखरं उडाली.

तिनं पुन्हा नख दाबलं आणि सोडलं.  पांढऱ्या नखाच्या कडेनं हळूहळू लाल रेघ चढली आणि नख भरलं.

"आली," ठकूआई म्हणाली.

जखम तिनं शिवली नाही. वर उकळून वाळवलेलं फडकं ठेवलं, आणि मांडीपासून पावलापर्यंत बांबूच्या कामट्या लावून बांधलं. गाठीखालून बोट जाईल इतकंच आवळलं. मग पुन्हा नख दाबलं. "आली."

सिदाप्पा पुढे आला. मूठ अजून मिटलेलीच होती.

"ठके, माझ्या पोराला द्येवापासनं तोडलंस तू. पुढल्या जत्रंला ह्यो सोताच्या पायानं डोंगर चढला न्हाय, तर ह्या गावात तुझी चूल पेटायची न्हाय."

"बरं. आन् चढला तर?"

"चढला तर तू मागशील ते."

"ठरलं," ठकूआई म्हणाली. आणि गड्यांना म्हणाली, "उचला आता. खाली नेताना ह्याला गचका बसला तर तुमच्याबी नडग्या बघते."

धुळाला तिनं आपल्या झोपडीत ठेवलं. बाजेची पायथ्याकडची बाजू विटा लावून उंच केली. टाचेला फडक्याची झोळी बांधून तिला एक धोंडा टांगला, म्हणजे पाय ओढलेला राही आणि हाड एकावर एक चढत नसे. रोज सकाळी फडकं सोडायची, वास घ्यायची, धुवायची, नवं फडकं ठेवायची. दिवसातून दहा वेळा नख दाबायची. "आली." गौराबाई उशाशी बसून असे. दुपारी ती भाकरी करायला घरी जाई, ठकूआई रानात सरपणाला जाई, आणि तेवढा वेळ सिदाप्पा पोराजवळ बसे.

सात दिवस चांगले गेले. आठव्या दिवशी धुळाला ताप भरला. नवव्या दिवशी सकाळी ठकूआईनं नख दाबलं, तर लाली आली, पण फार सावकाश आली. तिनं फडकं सोडलं. वास आला. तोच वास, जो तिनं एकदा आपल्या घरात घेतला होता. जखमेच्या कडा काळपट झाल्या होत्या आणि आत, खोल, पिवळं होतं.

तो पू नव्हता. पू कसा असतो ते तिला माहीत होतं.

तिनं धुळाकडे बघितलं. धुळानं तोंड भिंतीकडे केलं. तिनं गौराबाईकडे बघितलं. गौराबाईला काही ठाऊक नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावरच दिसत होतं. ठकूआईनं जखम जितकी धुता येईल तितकी धुतली, फडकं झाकलं, आणि त्या दुपारी ती सरपणाला गेली नाही. दाराशी बसून राहिली.

उन्हं डोक्यावर आली तसा सिदाप्पा आला. ती दिसताच थबकला.

"मूठ उघड," ठकूआई म्हणाली.

सिदाप्पानं मूठ उघडली. भंडारा होता.

 तो म्हणाला, "कसा ऱ्हाऊ, ठके? रोज द्येवापुढं उभा ऱ्हातो. द्येव इचारतो, सगळ्या गावाला माझा भंडारा देतोस आन् पोटच्या पोराला न्हाय? चिमटीभरच घालत हुतो. तुझ्या फडक्याखाली, पार आत, तुला दिसू नये म्हणून. त्येनं वाईट कसं व्हईल?"

ठकूआईनं त्याला आत जाऊ दिलं नाही. ओरडलीही नाही. समोर बसवलं.

"माझ्या बिराच्या जखमंत भंडारा कुणी भरला, ठावं हाय?"

"न्हाय."

"म्या."

सिदाप्पानं आपल्या तळहातावरचा भंडारा बघितला.

"ह्याच हातानं. तू चिमटीभर घातलास. म्या मूठभर घातला, द्येवाचं नाव घेऊन. वरनं आवळलं बी म्याच. मलाबी वाटलं, वाईट कसं व्हईल. नवव्या दिशी गेला. आज तुझ्या पोराचा कितवा दीस?"

सिदाप्पानं बोटांवर मोजलं.  मग म्हणाला, "नववा."

"व्हय."

 आतून धुळा तापात काहीतरी बरळला. सिदाप्पा म्हणाला, "आता काय करू? नवस बोलू? बोकड कापू?"

"पाणी उकळ," ठकूआई म्हणाली. "लई लागंल. आन् आधी हात धू. राख घे, ऊन पाणी घे, पिवळं जाईस्तवर धू."

पुजाऱ्याची बोटं जन्मभर भंडाऱ्यात असतात. नखांच्या मुळापर्यंत पिवळी. सिदाप्पा दारात बसून ती घासत राहिला. एकदा दाखवली, ती म्हणाली, "अजून." दुसऱ्यांदा दाखवली, "अजून." त्या दिवशी सिदाप्पाची बोटं पहिल्यांदा माणसाच्या रंगाची झाली, असं म्हणतात.

मग त्यानंच चूल पेटवली, त्यानंच पाणी उकळलं आणि पोराचा पायही त्यानंच धरला. ठकूआईनं सुरीचं पातं इंगळात धरून निववलं आणि जखमेतलं मेलेलं मांस कडेकडेनं काढलं. ज्यातून रक्त येतं ते जिवंत, ते ठेवायचं. ज्यातून येत नाही ते मेलेलं, ते काढायचं. पिवळा कण न् कण धुऊन काढला. धुळा ओरडत होता आणि त्याचा बाप त्याला धरून रडत होता, पण त्याची पकड ढिली झाली नाही.

गौराबाई दारात उभी राहून सगळं बघत होती. काम झाल्यावर नवऱ्याला एवढंच म्हणाली, "आता हिनं सांगितल्याबिगर पोराला हात लावलासा, तर तुम्ही आन् तुमचा द्येव, दोघंबी देवळात ऱ्हावा."

तीन दिवस कुणाला खात्री नव्हती. ठकूआई घडीघडीला नख दाबे. लाली येई, पण रेंगाळत येई. पाय काढावा लागेल का, हेही तिनं मनात धरलं होतं. सुरी जवळच ठेवली होती. चौथ्या दिवशी सकाळी तिनं नख दाबलं, सोडलं, आणि तिला "आली" म्हणायलाही वेळ मिळाला नाही, इतक्या झटक्यात ते लाल झालं. ताप उतरला. धुळानं भाकरी मागितली.

सिदाप्पानं भंडारा घातला होता, हे ठकूआईनं गावात कुणाला सांगितलं नाही.

दिवाळीनंतर गावची मेंढरं कोकणाच्या वाटेला लागली. ठकूआईची मेंढरंही दुसऱ्यांनी नेली. ती मागे राहिली. धोंडा दोन महिने टांगलेला होता. चौथ्या महिन्यात जखमेतून हाडाची एक कपची आपोआप बाहेर आली. ती बघून धुळा घाबरला. ठकूआई म्हणाली, "मेलेलं हुतं, आपल्या पायानं भाईर आलं. बरं झालं." त्यानंतर जखम भरत गेली. उन्हाळ्यात धुळा काठ्या घेऊन उभा राहिला. पावसाळ्यात एका काठीवर आला. डावा पाय दोन बोटं आखूड राहिला. ते तिनं त्याला आधीच सांगून ठेवलं होतं. खोटा दिलासा ती कुणालाही देत नसे.

पुढची जत्रा आली.

सगळं गाव डोंगराच्या पायथ्याशी गोळा झालं. ठकूआई आपला हंडा डोक्यावर घेऊन उभी. त्या दिवशी कुणी चेष्टा केली नाही. धुळानं काठी आईच्या हातात दिली. ढोल मागितला. पोटाला बांधला.

"आरं, नुसता चढ की," कुणीतरी म्हणालं.

"नुसता कशाला चढू?" धुळा म्हणाला आणि त्यानं ढोलावर टिपरू मारलं.

तो चढला. लंगडत चढला, पण वाजवत चढला. जिथं ओंडका बसला होता तिथं तो थांबला. पाय थरथरत होता. वर चढ उभा होता. सिदाप्पा चार पावलं मागे होता, त्याचा हात पुढे आला. ठकूआई म्हणाली, "नगं." हात मागे गेला. धुळानं घाम पुसला आणि पुन्हा टिपरू मारलं. तेव्हा देवळात टांगलेले सगळे ढोल कुणी हात न लावता आपोआप घुमायला लागले, असं म्हणतात.

धुळा देवळाच्या पायरीवर पोचला आणि बसला. ठकूआई त्याच्यासमोर बसली. हंडा खाली ठेवला. अंगठ्याचं नख दाबलं आणि सोडलं.

"आली," ती म्हणाली. मग सगळी जत्रा म्हणाली, "आली!"

सिदाप्पा पुढे आला. सगळ्यांदेखत उभा राहिला आणि मोठ्या आवाजात म्हणाला, "गाववाल्यांनो, ऐका. हिनं पोराला बरं करत आणलं हुतं. म्या फडक्याखाली भंडारा घातला आन् पोराला मारायच्या बेताला आणलं. हिनं त्येला दुसऱ्यांदा वाचवला. आन् वरीसभर माझी चूक पोटात ठिवली. ठके, माग. काय म्हणशील ते."

लोकांना वाटलं, ती भंडारा बंद करायला सांगेल. काहींनी दगडसुद्धा उचलून ठेवले होते, असं म्हणतात.

ठकूआईनं हंड्यावरचं झाकण काढलं. म्हणाली, "हात पुढं कर."

तिनं त्याच्या हातांवर पाणी ओतलं. त्यानं घासून हात धुतले. मग तिनं परातीकडे बोट दाखवलं.

"आता घे भंडारा. माझ्या कपाळाला लाव. द्येवाला कपाळ लई हाय, जखमंत त्येचं काम न्हाय. ह्ये दर साली करायचं. आधी हात, मग भंडारा. तू असशील तवर तू, मग तुझ्या मागचा. एवढंच माझं मागणं."

सिदाप्पानं तिच्या कपाळाला भंडारा लावला. बिरा गेल्यापासून तिनं कपाळाला भंडारा लावून घेतला नव्हता. ते कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

दीपमाळेची ती राहिलेली शिळा त्याच दिवशी वर चढली. आधी ती ओढायला वीस माणसं लागली होती, त्या दिवशी ढोलाच्या तालावर सात माणसांनी नेली, असं म्हणतात.

ठकूआई पुष्कळ वर्षं जगली. किती पाय, किती हात सरळ केले त्याला गणती नाही. जे वाचणार नव्हते तेही होते. तेही ती तोंडावर सांगे. ती गेली तेव्हा उशाशी धुळा होता. तोही तेव्हा म्हातारा झालेला. तिचा श्वास थांबला. धुळानं तिच्या अंगठ्याचं नख दाबलं आणि सोडलं. श्वास नव्हता, तरी नख पांढऱ्याचं लाल झालं. त्यानं पुन्हा दाबलं. पुन्हा झालं. तिसऱ्यांदाही झालं. मग ते पांढरं राहिलं. असं म्हणतात, आणि पांढरमाळात हे कुणी खोटं म्हणत नाही.

दीपमाळेच्या पायथ्याशी तिचा दगड आहे. त्यावर नाव नाही, मूर्ती नाही. तिथं नारळ फोडत नाहीत, फुलं वाहत नाहीत. तिथं बांबूच्या कामट्यांची जुडी आणि उकळून वाळवलेलं पांढरं फडकं ठेवतात. कुणाचं हाड मोडलं तर त्यानं न विचारता उचलायचं आणि बरं झाल्यावर नवं आणून ठेवायचं. ती जागा आजवर रिकामी राहिलेली नाही.

आता तालुक्याला मोठा दवाखाना आहे. हाड मोडलेला माणूस आम्ही तिथंच नेतो, वेळ घालवत नाही. पण नेण्याआधी जखमेवर उकळून निववलेलं पाणी ओततो, फडकं झाकतो, कामट्या बांधतो, नख बघतो. आमच्या माणसाच्या जखमेत हळदीचा कण सापडणार नाही. मागे एकदा तिथल्या नव्या डॉक्टरणीनं पाय सोडून बघितला आणि विचारलं, "हे बांधलं कुणी?"

आमचा माणूस म्हणाला, "ठकूआईनं."

"त्यांना एकदा घेऊन या. बघायचंय मला."

"त्या येत न्हाईत, बाई. तुम्हालाच डोंगर चढाया लागंल."

ती चढली. जत्रेलाच आली.

जत्रेला पुजारी आजही आधी हंड्यातल्या पाण्यानं हात धुतो आणि मगच परातीला हात लावतो. पुजारी सिदाप्पाच्याच घरातला असतो. आणि भंडारा उधळायच्या आधी सगळं गाव दीपमाळेभोवती बसतं. म्हातारा असो, तान्हं असो, शेजारचा शेजारच्याचं नख दाबतो आणि सोडतो. भांडण असलं तरी दाबायचं. ढोल थांबलेले असतात. मग पुजारी विचारतो, "आली का?"

आणि सगळा डोंगर म्हणतो, "आली."

त्यानंतरच ढोल वाजतात.